पूर ओसरल्यानंतरची मुले : एका वर्गशिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

वैनगंगेकाठच्या एका गावातील माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गशिक्षिका असलेल्या मॅडमनी मला सविस्तर लिहून विचारले आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गावात नदीचे पाणी शिरले आणि अर्धे गाव दोन रात्री शाळेच्या गच्चीवर होते. त्याला आता पाच महिने झाले. वर्गातील एक हुशार मुलगा बोलेनासा झाला आहे, एका मुलीची आभाळ गडगडले की दातखीळ बसते, आणि चार-पाच मुले क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येतात. पालकांचे म्हणणे असे, की पोरे लहान आहेत, विसरून जातील. मॅडमचे प्रश्न दोन आहेत : मुलांना त्या रात्रीबद्दल बोलते करावे का, आणि हे किती दिवस चालणार?

मॅडम, पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की बोलते करू नका. बोलावेसे वाटले तर ऐकणारे कोणी आहे एवढे त्यांना कळू द्या. दुसऱ्याचे उत्तर इतके थोडक्यात देता येणार नाही. विदर्भातील खेड्यांमध्ये २२ वर्षे मानसोपचाराचे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की किशोरवयीन मुलांना पुराच्या पाण्यापेक्षा पाणी ओसरल्यानंतरचे वर्ष अधिक मोडते, आणि त्या वर्षात शाळेच्या हाती पुष्कळ काही असते.

आधी पालकांच्या म्हणण्याविषयी. ते पूर्ण चूक नाही. मोठ्या आपत्तीनंतर पहिले काही आठवडे झोप मोडणे, दचकणे, भूक मंदावणे, एकटे राहण्याची भीती वाटणे हे जवळजवळ सर्वांनाच होते. तो आजार नव्हे, आणि बहुतेक मुले घर, शाळा व सोबती पूर्ववत होऊ लागले की आपोआप सावरतात. परंतु ‘बहुतेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हेत. ओडिशातील १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर एक वर्षाने ४४७ मुले व किशोरवयीन विद्यार्थ्यांची तपासणी झाली होती. त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांमध्ये आघातोत्तर तणाव-विकार, म्हणजे डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात तो, आढळला. ज्यांनी वादळाचा तडाखा जवळून सोसला होता त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते, तर कमी झळ लागलेल्यांत ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणून वर्गाकडे एकच वर्ग म्हणून पाहू नका. कोण गच्चीवर होते, कोण मामाच्या गावी होते, कोणाचे घर पडले, कोणाच्या घरचे माणूस वा जनावर गेले, याची एक यादी तुमच्या मनात तयार असू द्या. ती कागदावर लिहून कार्यालयात लावू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण मी तशी लावलेली पाहिली आहे.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाचे दुखणे लहान मुलापेक्षा वेगळे का असते, हे समजून घ्यावे. सहा वर्षांचे मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहते. आई शांत असेल तर तेही बरेचसे शांत होते. नववीतला मुलगा मात्र आईचा चेहरा पाहतो, बापाचे फोनवरचे बोलणे ऐकतो, तलाठी पंचनाम्याच्या वेळी काय म्हणाला हे लक्षात ठेवतो आणि रात्री अंथरुणात पडून हिशेब करतो. सोसायटीचे कर्ज किती, धानाचे बांधीतले, म्हणजे खाचरातले, पीक किती कुजले, गाळ काढायला ट्रॅक्टर किती घेईल, हे त्याला कळते. मात्र त्यावर काही करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. त्यातच भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात अजून घडत असतो आणि धोक्याची घंटा वाजवणारा भाग मात्र पूर्ण जोरात चालू असतो. मोठ्या माणसाची समज आणि लहान मुलाचा आवर अशी ही अवघड जोडी आहे.

आता पाणी ओसरल्यानंतरच्या वर्षाविषयी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर या धरणातून सुटलेले पाणी आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे उघडलेले ३३ दरवाजे यांमुळे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांत जे घडले, ते त्या दोन-तीन दिवसांत संपले नाही. घरात चिखल, ओल्या भिंती, भिजलेली वह्या-पुस्तके, जातीचा दाखला व रेशन कार्ड शोधण्याची धावपळ, सानुग्रह अनुदानाच्या यादीत शेजाऱ्याचे नाव आहे आणि आपले नाही यावरून चावडीवर झालेली भांडणे, आणि पुढच्या वर्षी तोंडावर आलेला पावसाळा हे सारे त्याच पुराचे भाग होते. घरची सायकल वाहून गेली म्हणून आठ किलोमीटरवरच्या कनिष्ठ महाविद्यालयात न गेलेली मुलगी कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. पिकाचे नुकसान झाले की ‘यंदाच उरकून टाकू’ असे म्हणत सोळाव्या वर्षी तिचे लग्न ठरवले जाते. तसे कानावर आले तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवा; कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.

आपल्या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. भूकंप एकदा येतो आणि मग इतिहासात जातो. आपल्याकडे पूर, गारपीट, वीज पडणे आणि दुष्काळ आलटून-पालटून येत राहतात. नरखेड तालुक्यातील मोवाड ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात उद्ध्वस्त झाले, तेव्हा २०० हून अधिक माणसे दगावली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने काढणीला आलेला हरभरा आणि गहू झोडपला. त्यामुळे ‘झाले ते झाले, आता पुन्हा होणार नाही’ असा धीर आपण मुलांना प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, आणि देऊही नये, कारण ती हुशार असतात आणि खोटा धीर त्यांना लगेच ओळखू येतो. ‘पुन्हा पाणी आले तर या वेळी काय करायचे ते आपल्याला माहीत आहे’ एवढेच खरेपणाने म्हणता येते.

तुमच्या त्या न बोलणाऱ्या मुलाकडे येतो. त्याला मी पाहिलेले नाही, म्हणून मी ज्या मुलाला ओळखतो त्याच्याविषयी सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खरे तर तीन-चार मुलांच्या कहाण्या यात मिसळल्या आहेत. चौदा वर्षांचा हा मुलगा वर्गात पहिला-दुसरा येणारा होता. पुरानंतर दोन महिन्यांनी त्याचे बोलणे कमी झाले, जेवण तुटले, आणि घरच्यांनी त्याला पोटदुखीसाठी दोन डॉक्टरांना दाखवून झाले होते. चौथ्या भेटीत, आम्ही धानाच्या जातींबद्दल बोलत असताना, तो मध्येच म्हणाला, ‘मी दावं सोडलो असतो तं गाय वाचली असती.’ पाणी चढू लागले तेव्हा बापाने त्याला गोठ्यातील जनावरांची दावी कापायला सांगितले होते. दोन बैल सुटले, गाय आणि कालवड खुंट्यालाच राहिल्या.

अशा वेळी आपल्या तोंडून ताबडतोब निघते, ‘अरे, त्यात तुझी काय चूक?’ ते वाक्य मी गिळले. ते खरे असले तरी मुलाला त्याचा अर्थ ‘हा विषय बंद कर’ असाच लागतो. मी त्याला फक्त तपशील विचारत गेलो. पाणी तेव्हा कुठवर होते? मांडीपर्यंत. विळा कुठे होता? घरात. आणायला कोण गेले? तोच गेला. परत आला तेव्हा पाणी कुठवर होते? छातीपर्यंत. धाकटी बहीण कोणाजवळ होती? इथे तो बराच वेळ गप्प राहिला. बहीण त्याच्याच खांद्यावर होती. एका हाताने बहिणीला धरून, छातीभर पाण्यात, अंधारात त्याने दोन बैलांची दावी कापली होती, आणि पाच महिने तो स्वतःला गाईचा मारेकरी समजत होता. त्याने हे स्वतःच्या तोंडाने क्रमाने सांगितले, तेव्हा हिशेब त्याचा त्यालाच दिसला. एका बैठकीत त्याचे ओझे उतरले असे मी म्हणणार नाही. त्यानंतर सहा-सात भेटी लागल्या, आणि त्यांतली एक त्याच्या बापासोबत झाली. बापाला हे काहीच माहीत नव्हते. गाईबद्दल पोरासमोर बोलायचे नाही असे त्याने ठरवले होते, आणि त्या गप्पपणाचा अर्थ पोराने ‘बाबा माझ्यावर रागावले आहेत’ असा घेतला होता.

अशी अपराधी भावना शोधायची म्हणून मुलांना खोदून विचारू नका. पण मुलगा गप्प असेल तर तो बहुधा भित्रा नसून स्वतःला दोषी मानत असण्याची शक्यता मनात ठेवा, आणि त्याच्याशी समोरासमोर बसून नव्हे, तर काहीतरी काम करताना बोला. झाडांना पाणी घालताना, प्रयोगशाळेचे कपाट लावताना, वह्या गोळा करताना या वयातली मुले जे बोलतात ते खुर्चीत बसवून बोलत नाहीत.

मुलीच्या दातखिळीविषयी जरा सावध राहावे लागेल. गावात याला ‘बाहेरचे लागले’ म्हणतील आणि पुजाऱ्याकडे नेतील. त्यावरून घरच्यांशी वाद घालू नका. ‘तेही करा, पण एकदा जिल्हा रुग्णालयातही दाखवू’ एवढे म्हटले की बहुतेक घरे ऐकतात. दाखवणे आवश्यक आहे, कारण मिरगी आहे की नाही हे आधी ठरवावे लागते. झटक्यात जीभ चावली जाणे, कपड्यांत लघवी होणे, झोपेतही झटके येणे ही मिरगीकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. ती नसतील आणि झटके फक्त ढग गडगडल्यावर, माणसांच्या समोर येत असतील, तर मन जे सोसू शकत नाही ते शरीर बोलून दाखवत असण्याचा संभव अधिक. हे नाटक नव्हे, हे वर्गाला आणि सहकारी शिक्षकांना सांगा. झटका आला की तिला कुशीवर वळवा, गर्दी हटवा, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका, दातांत चमचा घालू नका, आणि शुद्धीवर आल्यावर फार कौतुकही करू नका व रागावूही नका. ढग दाटून आले की तिला दरवाजाजवळ बसवून श्वास सावकाश सोडायला शिकवता येते : चार अंक मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, पाय जमिनीवर घट्ट.

एक प्रश्न मात्र एखाद्या शिक्षिकेनेच तिला एकांतात विचारावा. पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात एका खोलीत दहा-दहा कुटुंबे झोपलेली असतात, शौचालयाकडे जाताना दिवा नसतो, आणि पाळीच्या दिवसांत मुलींची फार कुचंबणा होते. त्या दिवसांत कोणी त्रास दिला का, हे विचारले गेले पाहिजे. उत्तर ‘हो’ असेल तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ती गोष्ट शाळेच्या इभ्रतीसाठी दडपता येणार नाही.

भांडणाऱ्या मुलांचे दुखणे वेगळे दिसले तरी मूळ तेच असते. रडणे मुलाला शोभत नाही असे शिकलेला पोरगा भीतीला रागाचे कपडे घालतो. त्यांच्या खिशात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, सापडू लागला असेल तर आश्चर्य मानू नका. आपत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. शिक्षा नियमानुसार द्या, पण वर्गाबाहेर काढू नका, कारण ज्याचे घर मोडले आहे त्याला शाळेतूनही काढले तर तो जाणार कुठे?

आता मुलांना बोलते करण्याविषयी सविस्तर. आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एका बैठकीत अनुभव सांगायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर प्रचलित होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना तर त्यामुळे अपाय होतो, असे दिसल्याने जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करत नाही. त्याऐवजी ती ज्याला मानसिक प्रथमोपचार म्हणते, त्याचे सार तीन क्रियापदांत सांगता येते : पाहा, ऐका, जोडून द्या. आपल्याकडे मात्र शाळांमध्ये ‘पुराची रात्र’ या विषयावर निबंध व चित्रकला स्पर्धा घेतल्या जातात आणि सर्वांत हृदयद्रावक निबंधाला बक्षीस मिळते. एका ठिकाणी मदतीचे किट वाटताना मुलीला कॅमेऱ्यासमोर ‘त्या दिवशी काय झाले ते सांग’ म्हणून दोनदा सांगायला लावलेले मी पाहिले आहे; दुसऱ्या वेळी तिचा आवाज पुरेसा आला नव्हता म्हणे. तुमच्या शाळेत असे काही ठरत असेल तर कृपया थांबवा.

मग करायचे काय? आपत्तीत सापडलेल्या माणसांना कशाची गरज असते यावर मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पाच गोष्टी मांडल्या : सुरक्षितता, शांतपणा, आपल्या हातून काही होऊ शकते हा विश्वास, माणसांशी जोडलेपण आणि आशा. शाळेला यांतील तिसरी आणि चौथी फार चांगली साधता येते, असे मला वाटते. घंटा वेळेवर होणे, परिपाठ रोज होणे, चाचणी परीक्षा ठरल्या दिवशी होणे ही साधी शिस्तसुद्धा औषधासारखी काम करते, कारण पुराने नेमका उद्याचाच भरवसा नेलेला असतो.

हाताला काम देण्याविषयी थोडे अधिक सांगतो. मुलांकडून शाळेच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण रंगवून घ्या, गावातील कोणती गल्ली किती वेळात बुडाली याचा नकाशा काढून घ्या, वृद्ध व अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरे त्यात दाखवायला सांगा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेच्या इशाऱ्यासाठी केलेले दामिनी ॲप दोन मुलांच्या पालकांच्या फोनवर घेऊन, रोवणीच्या दिवसांत दुपारी बांधीत असलेल्यांना सावध करण्याचे काम त्यांच्याकडे द्या. जनावरांची दावी ओढताच सुटेल अशा गाठीने कशी बांधावीत, हे गावातील म्हाताऱ्यांकडून शिकून घेण्याचे काम मी एका शाळेत सुचवले होते, आणि माझ्या गोळ्यांपेक्षा त्याचा गुण अधिक आला. मात्र काम वयाला पेलणारे असावे. बचावकार्य त्यांच्यावर सोपवू नये.

जोडलेपणासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. मुलांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा, भुलाबाईची गाणी, कबड्डी, गणपतीपुढची झांकी यांपैकी यंदा काय राहून गेले ते मुलांना विचारा आणि एखादे उशिरा का होईना करा. लाकडी नंदीबैल वाहून गेले असतील तर मातीचे चालतात. ‘ज्या घरी दुःख आहे तिथे सण नाही’ ही आपली रीत मोठ्यांसाठी ठीक आहे. मुलांना वर्षभर त्यात बांधून ठेवू नये. शास्त्रीय लेखांत याला ‘लवचीकता’ म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही, कारण त्यात माणूस रबरासारखा आपोआप पूर्ववत होतो असे सुचवले जाते. आपला ‘सावरणे’ हा शब्द अधिक खरा आहे; सावरताना माणूस कशाला तरी धरतो. ॲन मास्टेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर हेच दाखवले, की मुले सावरतात ती काही असामान्य गुणांमुळे नव्हे, तर जवळचे एक मोठे माणूस, शाळा, मित्र अशा अगदी साध्या गोष्टी शाबूत असल्यामुळे.

काही मुलांना एवढ्याने पुरत नाही. महिना उलटून गेल्यावरही तीच दृश्ये जागेपणी वा स्वप्नात येत असतील, नदीच्या वाटेने जाणे टाळत असेल, सतत दचकत असेल आणि त्यामुळे अभ्यास, झोप, मैत्री यांपैकी काही ठप्प झाले असेल, तर डॉक्टरांकडे पाठवायला हवे. तुमच्याकडे पाच महिने झाले आहेत, तेव्हा त्या गप्प मुलाला आणि दातखीळ बसणाऱ्या मुलीला याच आठवड्यात पाठवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते. सेवाग्राम आणि नागपूर येथेही सोय आहे. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. गावातल्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नयेत. अशा मुलांना त्या देऊ नयेत असेच जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. खरा उपचार हा आघातावर केंद्रित समुपदेशनाचा असतो, साधारण दहा-बारा भेटींचा, आणि त्यात पालकांचाही भाग असतो.

मरणाची भाषा कोणी केली, वहीच्या मागच्या पानावर तसे काही लिहिले, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, तर थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. आणि त्याच दिवशी घरी जाऊन फवारणीची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला लावा. आपल्या भागात ती स्वयंपाकघराच्या फळीवर असतात आणि तो उतावळा क्षण कित्येकदा काही मिनिटांचाच असतो. त्या मिनिटांत बाटली हाताशी नसणे यावर जीव अवलंबून असतो.

आता किती दिवस, या प्रश्नाविषयी. अमेरिकेतील बफेलो क्रीक येथे १९७२ मध्ये बंधारा फुटून आलेल्या लोंढ्यातून वाचलेल्या मुलांना संशोधकांनी १७ वर्षांनी पुन्हा गाठले, तेव्हा बहुतेक सावरलेली होती, पण थोड्यांना तेव्हाही त्रास होता. आर्मेनियातील १९८८ च्या भूकंपानंतर ग्युमरी शहराच्या शाळांमध्ये किशोरवयीनांना तब्बल दीड वर्षाने उपचार दिले गेले. भूकंपाला तीन वर्षे झाल्यावर पाहिले तेव्हा उपचार मिळालेल्यांचा त्रास कमी झाला होता आणि न मिळालेल्यांची उदासी वाढली होती. म्हणून ‘आता पाच महिने झाले, उशीर झाला’ असे मानू नका.

पुढचा अवघड काळ मी आजच सांगून ठेवतो : मृगाचा पहिला पाऊस, धरणाचे दरवाजे उघडणार असल्याची पहिली दवंडी किंवा मोबाईलवरचा संदेश, आणि पुराच्या तारखेचा आठवडा. ओल्या मातीचा आणि कुजक्या धानाचा वाससुद्धा पुरतो. मे महिन्यात निकाल लागण्यापूर्वी एकदा पालकांना बोलावून हे सांगा, म्हणजे जूनमध्ये पोरगी पुन्हा रात्री उठून बसू लागली तर ते तिला रागावणार नाहीत. शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलांसोबत गच्चीवर जाऊन या, दिवसा, ऊन असताना, डबे घेऊन. ज्याला यायचे नसेल त्याला खाली ग्रंथालयात कोणाच्या तरी सोबत बसू द्या. आणि त्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवताना, त्याचा बाप सोबत जाईल असे पाहा.